मोगरीचं फुफ्फुस

१२ जानेवारी, सोमवार

फुफ्फुसांच्या नमुन्यांचा अहवाल आला! न्यूमोनिया झालेल्या गाईंच्या फुफ्फुसांत सुजेची प्रथिनं वाढलेली – ते अपेक्षितच होतं. निरोगी फुफ्फुसांत ती जवळजवळ नाहीत. फक्त एका निरोगी नमुन्यात भरमसाट. तो नमुना आमच्या मोगरीचा. घरच्या गाईचा!

माझ्या गाईड निशा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तू नळ्यांची अदलाबदल केलीस." झालं. वर्षभराची पीएचडी पाण्यात.

१३ जानेवारी

कामात लक्ष नाही. सारखी मोगरीच आठवते.

दिवाळीत बिडकीनच्या रस्त्यावर तिला ट्रकनं उडवलं. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तेव्हा मीच फुफ्फुसाचे दोन तुकडे मागून घेतले. आई माझ्याकडे बघतच राहिली. पण धडधाकट गाईचं फुफ्फुस मिळतं कुठं?

दावं अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, हातात होतं. मोगरी रस्त्यात मधोमध उभी राहिली ती हलेचना. माझे थोरले काका, नानासाहेब, अजून ऐकवतात – "एक काठी घातली असती तर पळाली असती. लाड करूनच मारलीस तू गाय." अण्णा तेव्हापासून गोठ्यात पाय ठेवत नाहीत. काकांचा असा राग येतो मला!

१४ जानेवारी

संक्रांत. आई फोनवर म्हणाली, अण्णांनी तीळगूळ हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला.

१५ जानेवारी

सुचलं! दुसरा तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत आहे. तो मी गोठ्यापाशीच बुडवला होता, त्यात घोटाळा होणं शक्य नाही. लॅबमधले मोईनभाई त्याची काचपट्टी करून देणार. "परसों तक कर देता मैं, टेन्शन नक्को लो." घेतलंच.

१७ जानेवारी, शनिवार

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं – वायुकोश पुवानं भरलेले! मी काही बदललेलं नव्हतं. मॅडमनी स्वतः बघितलं. "जंतूंचा न्यूमोनिया. नुकता सुरू झालेला, वरून कळला नसता. पण चालवल्यावर धाप लागली असणार." वर पाठ थोपटली. हुश्श झालं नुसतं.

औरंगपुऱ्याला खोलीवर परतताना क्रांती चौकात सिग्नलला थांबले आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मोगरी हट्टानं उभी राहिली नव्हती. तिच्यानं चालवतच नव्हतं. अण्णांची चूक नव्हती! स्कूटी बाजूला घेऊन तिथूनच फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय का," एवढंच म्हणाले. मागं आई रडत होती, बहुतेक हसतही होती. आता काका काय बोलतात बघू. किती दिवसांनी पोटभर जेवले.

१८ जानेवारी

सकाळीच अण्णांचा फोन. ते आपणहून कधी करत नाहीत.

"माय, काठी घातली व्हती म्या तिला. कवा नाय ते घातली. दोनदा. कुणाला बोललो नाय."

 मग त्यांनीच विचारलं, "म्या मारलं तवा धाप लागली व्हती ना तिला? खरं सांग."

मी हो म्हणाले.