उडत्या नावेची पाच बुचं

५ जानेवारी

बुडवलीस म्हणे! तीन वर्षं झाली तरी तेच तुणतुणं. आज ताईचा फोन आला. म्हटलं, आबांना दे. तर मागून आवाज — "त्याला म्हणावं, आपली नाव बुडवलीस, आता लोकांची उडवायला निघालास होय?" फोन काही घेतला नाही. ताई हसत होती. तिला हसायला काय जातंय!

मी नाही बुडवली. तळ कुजका होता. सगळ्या गावाला माहीत आहे. खुद्द आबांनीच धक्क्यावर उभं राहून सांगितलं होतं — तळ कुजला होता, चूक माझी, आधीच बदलायला हवा होता. मग घरात स्वतःच्या पोराला का टोमणे?

झालं. लिहून टाकलं. आता झोप लागेल.

७ जानेवारी

ही वही बाईंनी दिली. अक्षर सुधारायला. म्हणाल्या, "काहीही लिही, मी वाचणार नाही, पण रोज लिही." सहावीत शाळा सोडली तेव्हा कुणी अडवलं नव्हतं, आणि आता ह्या!

बाई म्हणजे आमच्या मालकीण. पूर्वी शाळेत शिकवायच्या. नवरा वैमानिक होता. तो गेला आणि मागे ही म्हातारी ठेवून गेला. वरून विमान, खालून नाव. पाण्यावरूनच उडायची, पाण्यावरच उतरायची, बेटांवर टपाल न्यायची. सत्तर वर्षं झाली तिला. म्हातारी हे नाव तिची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी ठेवलं — ते स्वतः अडुसष्टचे!

म्हातारीचं एक इंजिन ठणठणीत, दुसरं मेलेलं. ते जिवंत करायला कारखाना वीस लाख आगाऊ मागतोय. बाईंनी राहतं घर विकलं होतं, ते पैसे पत्र्यात गेले. आता शेडच्या मागच्या खोलीत राहतात. चार महिने वर्गणी मागत फिरतायत. लोक बसवतात, चहा देतात, "वा, वा" म्हणतात, आणि दारापर्यंत सोडायला येतात.

३१ मार्चला शेडचा करार संपतो. तोवर वीस लाख जमले आणि म्हातारीचं पोट पाण्यात टिकलं, तर करार वाढेल. नाही तर हॉटेलवाला टपलेला आहेच. बागेत उभी करणार, पोटात टेबलं मांडणार, पंखांवर दिव्यांच्या माळा.

मिस्त्री म्हणाले, "मी तिच्यात बसून सूप पिणार नाही. आधी मला पुरा."

१२ जानेवारी

माझं काम पोटात. बाहेरून मिस्त्री हवेच्या हातोडीनं रिव्हेट ठोकतात, आतून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघांच्या मध्ये रिव्हेट चेपतो आणि पत्र्याला पत्रा बसतो. मी काटकुळा, म्हणून आत मीच. दुपारपर्यंत कान माझे नसतात.

मोजताना चुकतो. वीसच्या पुढे गोंधळ होतो. म्हणून खडूनं प्रत्येक रिव्हेटशेजारी एकेक माणूस लिहितो. आमच्या नावेत बसायचे तसे ओळीनं — शिंपी, दाई, टपालवाला, साखरेचा व्यापारी… नऊ झाले की परत पहिल्यापासून.

त्या दिवशीचे नऊ. हेच का सुचतात कोण जाणे.

१५ जानेवारी

आज गंमत झाली! बाईंच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई बघायला आल्या. शिडीवरून पोटात वाकल्या, तर पत्र्यावर लिहिलेलं — दाई.

"ही कोण?"

म्हटलं, आमच्या गावची. मी तिच्याच हातावर जन्मलो.

शब्दावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझी आईही हेच काम करायची. तिचं नाव लिहिशील?" आणि पाचशे काढून ठोकळ्यावर ठेवले!

बाई बघतच राहिल्या. चार महिने घसा कोरडा केला तेव्हा नाही, आणि खडूच्या एका शब्दावर पाचशे. संध्याकाळी त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — एक रिव्हेट, एक नाव, पाचशे.

मी म्हटलं, "बाई, कुठलं? ते नाव की ती नाव?"

म्हणाल्या, "ते नाव तू लिही, ती नाव आपोआप तरंगेल."

चार हजार नावं हवीत. चार हजार!

२ फेब्रुवारी

लोक येतायत! खरंच येतायत! आता खडू नाही, बारीक ब्रश आणि पांढरा रंग.

एकानं कुत्र्याचं नाव लिहून घेतलं. एका म्हाताऱ्यानं बायकोचं — "आयुष्यभर फिरायला नेतो म्हणालो, नेलं नाही. आता तिला पुढे बसव, खिडकीजवळ." एक जण सासरच्या सगळ्यांची यादीच घेऊन आला — "ही सहा जणं. सगळी तळाला घाला. पाण्याखाली." पैसे मात्र रोख दिले.

हॉटेलवालासुद्धा आला. भीड म्हणून एक रिव्हेट घेतला. जाताना टेप काढून पोटाची लांबी मोजली. निर्लज्ज!

बाई रोज संध्याकाळी शिडीवरून तपासतात. "हा उकार दीर्घ. माणूस एकदाच नाव लिहून घेतो, त्यात तू त्याला ऱ्हस्व करतोस?" पुसायचं, परत लिहायचं. पण ओरडत नाहीत. आमचे गुरुजी असे असते तर मी सातवीत गेलो असतो.

११ फेब्रुवारी

पगार झाला. दुचाकीसाठी साठवलेले आता सदतीस हजार. लाल घ्यायची की काळी?

१९ फेब्रुवारी

दोन हजार नावं. मनगट सुजलं. सुजू दे.

६ मार्च

आज मिस्त्रींनी कापडी पिशवी हातात ठेवली. आत पाच पितळी बुचं. म्हातारीच्या पोटात पाच कप्पे, प्रत्येकाच्या तळाला एक भोक. काठावर ओढली की बुचं काढून आतलं पाणी सोडायचं. पाण्यात घालायच्या आधी परत आवळायची.

"नावाड्या, ही तुझ्याकडे. तूच काढायची, तूच लावायची. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

मी पिशवी परत पुढे केली. म्हटलं, नको मिस्त्री. दुसऱ्या कुणाला द्या.

"का? जड आहेत?"

इथं तरी खरं लिहू. वही कुणी वाचत नाही.

तळ कुजका नव्हता. आमच्या नावेलाही एक बूच होतं, लाकडी. आदल्या दिवशी मी नाव धुतली, पाणी सोडायला बूच काढलं, हरवू नये म्हणून बाकाच्या फटीत खोचलं. तेवढ्यात मित्र नवी दुचाकी घेऊन आला. बघायला पळालो. सकाळी नऊ माणसं घेऊन तसाच निघालो. फळ्यांखाली पाणी भरत गेलं, कळलं तेव्हा गुडघाभर. नशीब, पलीकडचा काठ जवळ होता. सगळे ओले झाले, सगळे वाचले. साखरेची सहा पोती नदीनं प्यायली. नाव धारेबरोबर गेली आणि खाली खडकांवर फुटली.

आबा एकटेच बघायला गेले. परत आले आणि धक्क्यावर म्हणाले — तळ कुजला होता. मी मान डोलावली! सुटलो असं वाटलं. त्यांना फटीतलं बूच दिसलं नसणार.

त्यानंतर आबांच्या भरवशावर कुणी नावेत बसेना. कुजक्या नावेत माणसं बसवणारा म्हणून. साखर त्यांनीच भरून दिली. आता दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारतात. आणि मी इथं पळून आलो.

हे सगळं मिस्त्रींना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. वाटलं, आता पिशवी परत घेतील, वर दोन शिव्या घालतील.

मिस्त्रींनी पिशवीची दोरी माझ्या गळ्यात अडकवली. म्हणाले, "मग तर तुझ्याकडेच. कधीच न विसरलेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते."

वर म्हणाले, "आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. पत्र्याला गंज चढतो."

पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. त्यांना काय माहीत नाही!

१५ मार्च

बुचं गळ्यातच. जेवताना वाजतात. बाई म्हणतात, "आली गाय."

२१ मार्च

तीन हजार आठशे. बाईंच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, पन्नाशीच्या सगळ्या, आणि एकेक करून बाईंना पाढे म्हणून दाखवले. मग शंभर रिव्हेट एकदम! बाई आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

वैमानिकाच्या सीटखाली एक रिव्हेट मिस्त्रींनी राखून ठेवलाय. "हा तुझा. कामगाराला फुकट." मी दुचाकीच्या पैशातून पाचशे दिले. आबांचं नाव घातलं. त्यांना फुकटचं चालत नाही.

बाईंनी तपासलं. एकही चूक नाही! पहिल्यांदा.

२९ मार्च

टिकली! टिकली! टिकली!

आता नीट लिहितो. सकाळी काठावर ही गर्दी. नावं दिलेले सगळे आलेले — ज्याचा रिव्हेट त्याला काळजी. पाचही बुचं आवळली. परत जाऊन पाहिलं. परत गेलो. चौथ्यांदा निघालो तेव्हा मिस्त्री ओरडले, "आता जास्त आवळलीस तर आटे तुटतील!"

उतारावरून म्हातारी हळूहळू पाण्यात गेली. दोर ताठ झाले. मी पोटात, बॅटरी घेऊन. बाहेरून पाण्याचा आवाज येतो, तो आतून पोटातल्या पोटात ऐकू येतो. एक कप्पा कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा, चौथा. बुचांभोवती बोट फिरवलं — कोरडं. पाचव्या कप्प्यात मात्र थेंब! एक रिव्हेट रडत होता. बॅटरी मारली तर शेजारी नाव — हॉटेलवाल्याचं!

वर येऊन सांगितलं तर काठावर हशा पिकला. हॉटेलवालाही होता. आधी लाल झाला, मग तोही हसला. म्हणाला, "दुसरा ठोका रे, पैसे देतो."

विमानखात्याचे तपासनीस साहेब तीन तास बसले. मग कागदावर सही केली. पोट पास.

हॉटेलवाल्याचा धरून चार हजार सव्वीस. बाईंनी शेवटची पावती फाडली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ज्याला घरच्या नदीवर तोंड दाखवायची सोय नव्हती, त्याला ह्या दोन म्हाताऱ्यांनी चार हजार माणसं सांभाळायला दिली. कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचं नाही.

१० मे

इंजिन आलं. मिस्त्रींनी पेटी उघडायच्या आधी नमस्कार केला, मग चिठ्ठी वाचून शिव्या दिल्या — एक बोल्ट कमी पाठवलाय.

१४ जून

उडाली.

उद्या लिहीन.

१५ जून

बाईंनी बोलावलेल्या वैमानिकानं दोन चकरा पळवली, पाणी फाटल्यासारखं दोन्हीकडे उडालं. तिसऱ्यांदा पाण्यानं सोडलंच तिला. खालून पोट दिसलं, पाणी गळतंय, ऊन चमकतंय. आत चार हजार माणसं बसलेली. आबाही.

बाई वर बघत नव्हत्या. डोळे मिटून उभ्या. "आवाज ऐकतेय," म्हणाल्या. "दोन्ही इंजिनांचा येतोय ना?" मिस्त्री म्हणाले, "दोन्हींचा." आणि रुमाल शोधायला लागले. गंज चढेल म्हटलं मिस्त्री! तर टपली मारली.

उतरल्यावर काठावर ओढली. पाचही बुचं काढली. मोजली. पिशवीत घातली. गळ्यात अडकवली.

आता घरी फोन करायचा.

१७ जून

केला. ताईला म्हटलं, आबांना दे, नाही घेतला तर सगळ्या गावाला फोन करीन. आले. एका दमात बोललो — आबा, तळ कुजका नव्हता, मी बूच लावायला विसरलो होतो.

तिकडून म्हणाले, "माहीत आहे. बाकाच्या फटीत सापडलं. माझ्याकडेच आहे."

"मग तळ कुजला म्हणून का सांगितलंत?"

"नाव तर बुडालीच होती. म्हटलं, तुझं तरी बुडू नये."

मग तेच म्हणाले, "लोकांची उडाली का रे?"

दुचाकीचे बेचाळीस झाले असते, पाचशे रिव्हेटला गेले. बूच आबांकडे आहेच. बाकीच्या नावेसाठी पाठवतोय — एक्केचाळीस हजार पाचशे.