किओबाईंची डिझेल गाडी आणि नारिंगी दिवा

ड्रमकील, कौंटी रॉसकॉमन
बुधवार (दुपारनंतर दुकान बंद)

तीर्थरूप असम्प्टाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे मॅलकीचा, नमस्कार. आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण फोनवर तुझ्यापेक्षा त्याचीच खबरबात जास्त असते. मी बरा आहे. सलूनही बरं चाललंय. गावातली डोकी कमी होताहेत आणि उरलेल्या डोक्यांवरचे केस त्याहून कमी, पण माझं भागतं. आई गेल्यापासून घर जरा मोठं वाटतं, एवढंच. रविवारी एकट्यापुरते बटाटे भाजायला घेतले तरी हात आपोआप जास्तच सोलतो, मग सोमवारी दुकानात तेच खातो. (ही तक्रार नाही. गार बटाटा मला आवडतो.)

तू विचारलंस, जावईबापू जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हणताहेत, तर तुझा अनुभव काय? मी गाडी घेत होतो तेव्हा पेट्रोलचीच घे असं तू सांगितलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. (तूही विसरलेली नाहीस, हे फोनवरच्या तुझ्या सुस्काऱ्यावरून कळलं.) पण माझीही बाजू ऐक. गाडी होती आपल्या किओबाईंची, ज्यांनी तुला आणि मला पाढे शिकवले त्याच. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून त्यांनी विकायला काढली. घर ते चर्च, चर्च ते वाण्याचं दुकान, दुकान ते घर, यापलीकडे ती गाडी कधी गेलीच नव्हती. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं एकच मत. "अरे, एकाच मालकिणीची गाडी, तीही रोज प्रार्थनेला जाणारी! डोळे मिटून घे." मी डोळे मिटूनच घेतली. नाही म्हणायला एक परीक्षा केली. दुकानातला पांढरा टॉवेल धुराच्या नळीत फिरवून पाहिला, तर काजळीचा ठिपकासुद्धा नाही. आतही सगळं लखलखीत. वेगाच्या काट्याशेजारी बाईंनी संत ख्रिस्तोफरचं छोटंसं चित्र चिकटवलं होतं. प्रवाशांचा रक्षणकर्ता तो, त्याला कोण हलवणार? मी रोज निघताना त्याच्याकडे बघून मान लववायचो.

पुढचं तुझ्या कानावर आलं असेल, पण तिखटमीठ लावूनच आलं असणार, म्हणून मी सांगतो. एका रविवारी प्रार्थना आटोपून मी कब्रस्तानाच्या चढाला लागलो आणि गाडीचा जीवच गेला. इंजिन चालू होतं, पण पाय तळाला टेकवला तरी ती चालत्या माणसाच्या वेगापुढे जाईना. मागे रांग लागली. सगळे नुकतेच चर्चमधून निघालेले, काळ्या कोटांत, त्यामुळे हॉर्न वाजवायचीही लाज. पबसमोर उभ्या असलेल्या मंडळींना वाटलं अंत्ययात्रा आहे. त्यांनी टोप्या काढल्या, छातीवर क्रूस केले, आणि आतून कुणीतरी पडदेसुद्धा ओढून घेतले. मी काय करणार? गंभीर चेहऱ्याने मान हलवून सगळ्यांचा आदर स्वीकारत चढ संपवला. संध्याकाळपर्यंत चौघांनी येऊन विचारलं, गेलं कोण?

टायग मेकॅनिकने गाडी आत घेतली आणि डॉक्टरसारखी चौकशी आरंभली. "बाई हिला मोठ्या रस्त्यावर कधी काढायच्या?"

"टायग, त्या तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या असत्या तर पाद्रीबाबांपुढे कबुली द्यावी लागली असती त्यांना."

"तिथेच घात झाला बघ," असं म्हणून त्याने समजावलं, ते असं. डिझेल गाडीच्या पोटात धुराच्या वाटेवर एक जाळी असते. ती काजळी धरून ठेवते. गाडी लांब आणि भरधाव गेली की जाळी तापते आणि ती काजळी जळून जाते. गाडी नुसती चर्चपर्यंत गेली, तर जाळी फक्त साठवत राहते, आणि एक दिवस गुदमरते. माझा टॉवेल स्वच्छ निघाला कारण सगळं आतच अडकलं होतं. (बाहेर काही दिसू द्यायचं नाही, सगळं पोटात ठेवायचं. ही जाळी आपल्या घराण्यातलीच म्हणायची.) मग त्याने नख घालून संत ख्रिस्तोफरला उचकटलं. खाली जाळी तुंबल्याची खूण सांगणारा नारिंगी दिवा ढणढण जळत होता. बाईंच्या डोळ्यांना तो खुपायचा, म्हणून त्यांनी त्याच्यावर संत बसवला होता! टायग हसत सुटला, पण मला त्या माउलीचा राग येईना. त्रास देणाऱ्या गोष्टीवर देवाचं चित्र चिकटवून आपणही दिवस काढलेच आहेत की.

तेव्हा जावईबापूंना सांग, गाडी किती कमी चालली हे विचारू नका, कुठे चालली ते विचारा. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. न लागणारा दिवा हा जळत राहणाऱ्या दिव्याइतकाच वाईट. चिकटवलेलं काहीही, संत असो वा फुटबॉलवाला, आधी काढून बघा. नळी आतून काळीकुट्ट असली, तर कुणीतरी जाळी फोडून काढलेली असते आणि अशी गाडी सरकारी तपासणीत नापास होते. (माझ्या एका गिऱ्हाइकाच्या चुलतभावाने हाच उद्योग केला. आता तो पबला कधी निघाला हे अख्ख्या गावाला धुरावरून कळतं, त्याच्या बायकोला सगळ्यात आधी.) डिझेल भरायच्या तोंडाशेजारी निळं झाकण असेल तर त्यात धूर शुद्ध करायचं औषध घालायचं असतं. तिथे दुसरं काहीही घालू नये, लूर्दच्या यात्रेहून आणलेलं पवित्र जलसुद्धा नाही. हे मी उगाच लिहीत नाही, पण बाईंचं नाव यात आणणार नाही.

टायगने यंत्र लावून जाळी थोडी मोकळी केली आणि मला बजावलं, की दर आठवड्याला हिला मोटरवेवर न थांबता चांगली पळवून आण, नाहीतर जाळी कायमची गेली आणि नव्या जाळीच्या किमतीत दुसरी गाडी येईल. म्हणजे गाडी गेली की मी गावात अडकलो. म्हणून रविवारी प्रार्थना झाली की मी गॉलवेच्या दिशेने निघतो, तिकडच्या एका राउंडअबाउटला वळसा घालतो आणि परत येतो. गाडी खूश असते.

भाचीला, सॉरकाला, आशीर्वाद, जावईबापूंना शुभेच्छा, गुडघ्याला शेक.

तुझा भाऊ,
मॅलकी

ता. क. तो राउंडअबाउट तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गेल्या रविवारी तू दोरीवरचे कपडे काढत होतीस. उजवा पाय जपून टाकत होतीस. हॉर्नवर हात ठेवला होता, पण आपल्या घरात कारणाशिवाय कोण कुणाच्या दारात गेलंय? कुणी वारलं तर जायचं, किंवा गवत कापायचं असेल तर. तुला बघून फार बरं वाटलं आणि परतताना फार वाईट वाटलं. टायगचं म्हणणं आहे, की एवढं पळवल्यावर इंजिन तासभर गार होऊ द्यावं. (असं तो म्हणाला नाही, पण विचारलं तर म्हणेल.) तेवढा वेळ तुझ्या दारात उभी केली तर चालेल का? जेवणाचा घोळ घालू नकोस. बटाटे मी सोलून आणतो.

ता. ता. क. खोटं बोलवत नाही म्हणून कळवतो. काल टायगने पुन्हा यंत्र लावून पाहिलं. जाळी स्वच्छ झाली आहे, दिवा विझला आहे, आणि त्याच्या मते आता दर रविवारी एवढ्या लांब जायची काही गरज नाही. मी घरी येऊन संत ख्रिस्तोफर पुन्हा होता तिथेच चिकटवला. विझलेला दिवा रोज डोळ्यांसमोर राहिला, तर रविवारी तुझ्याकडे यायला मी काय कारण सांगू?