दारातून चेहरा दिसला पाहिजे

बाबा, काल नवा टीव्ही आणला. एकटीनं दुकानात जाऊन घेतलेला हा माझा पहिलाच. आधीचे दोन यांनी आणले होते, आणि यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. जुन्याचं चित्र गेलं होतं, आवाज तेवढा राहिला होता. महिनाभर मी काळ्या पडद्यासमोर बसून मालिका ऐकल्या. कोण रडतंय ते आवाजावरून कळायचं, कशासाठी रडतंय ते दुसऱ्या दिवशी कळायचं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो दोन मिनिटांत म्हणाला, "पॅनल गेलं मॅडम, याले आता काई नाई होत, नवाच घ्या." मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही त्यानं. तुम्ही असता तर झाकण उघडायला लावल्याशिवाय त्याला दाराबाहेर पडू दिलं नसतं. असो. टीव्हीबद्दल तर सांगतेच, पण तुमच्याजवळ बोलायची राहून गेलेली एक गोष्ट आहे, चाळीस वर्षांपासूनची. टीव्हीच्या निमित्तानं ती बोलून टाकावी म्हणून लिहायला बसले आहे.

अकोल्यात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. डोक्याला ओढणी गुंडाळून गेले. माझ्या बजेटात बसणारे दोनच टीव्ही होते, शेजारी शेजारी लावलेले. आकार सारखा, भावही जवळपास सारखाच. एकात काळा रंग असा काळाभोर की पाहत राहावं. माणसांचे केस, साडीचे काठ, सगळं उठून दिसत होतं. दुसऱ्यातला काळा जरा राखाडीच. मी पहिल्यावर बोट ठेवणार तेवढ्यात दुकानातला माणूस म्हणाला, "थांबा, घाई नका करू. घरी किती जन पाहतेत?" मी म्हटलं, "काहून?" तर म्हणे, "एकटं मानूस समोर बसून पाहत असन तं हा काळावाला घ्या, याच्यासारखा नाई. पन कडेनं पाहसान तं याचं चित्र फिकं पडते. घरात चार मानसं असतीन, कोनी इकडं बसते, कोनी तिकडं, तं मंग तो दुसरा. तो कुठूनबी सारखाच दिसते." साधा प्रश्न होता हो बाबा. त्या बिचाऱ्याचं कामच होतं विचारणं. पण माझ्या तोंडून 'एकटीच' हा शब्द निघेना. बत्तीस वर्षं मूर्तिजापूरच्या शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि भर दुकानात म्हणाले, "चार जण आहेत घरी."

मग मी काय केलं असेल सांगा? दोन्ही टीव्ही सोडून सरळ दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि तिथून पाहिलं. त्या माणसाला वाटलं मी निघालेच. "मॅडम, पानी तं प्या," म्हणत तो मागे आला. त्याला काय माहीत, ही माझ्या बापाची रीत आहे. माहेरी, राजकमल चौकामागच्या तुमच्या त्या बोळकांडी दुकानातून दुरुस्त झालेला सेट तुम्ही गिऱ्हाइकाच्या नुसता हातात कधी दिला नाही. घरी जाऊन लावायचा, गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा, आणि मग सगळे समोर गर्दी करून "दिसलं, दिसलं" म्हणत असताना तुम्ही मात्र बाहेर जाऊन दारात उभे राहायचे. बल्बचा उजेड काचेवर पडतो का, आवाज ओट्यापर्यंत येतो का, सगळं तिथून पाहायचे आणि स्टूल इंच इंच सरकवायचे. मी तुमची हत्यारांची पिशवी धरून उभी असायचे, कंटाळून जायचे. एकदा विचारलं तेव्हा म्हणालात, "समोर बसनाऱ्याले कोनताबी टीवी चांगला दिसते, पोरी. दारातल्या मानसाले चेहरा दिसला पाहिजे." आपल्या घरातला टीव्ही तर कोपऱ्यात असा तिरका ठेवला होता की घरातल्यांना मान वाकडी करावी लागायची आणि ओट्यावरच्यांना सरळ दिसायचं. आई चिडायची. "घर आपलं, वीज आपली, आन माना आमच्याच मोडा," म्हणायची.

दुकानातूनच मुलीला पुण्याला फोन लावला. तिनं फोटो मागवले, तिकडे बसून पाच मिनिटांत सगळी माहिती काढली आणि निकाल दिला. "आई, पहिला घे. पिक्चर क्वालिटी मस्त आहे. तसंही तू एकटीच तर पाहतेस." पोरगी वाईट नाही बाबा. रोज फोन करते, माझ्या बीपीच्या गोळ्या माझ्यापेक्षा तिच्या लक्षात असतात. खरं तेच बोलली ती. पण मला असा राग आला, असा राग आला, की मी म्हटलं, "मी कूलरच्या हवेत कडेला बसते, मला तिथून दिसायला पाहिजे." ती म्हणाली, "मग खुर्ची सरकव ना समोर." मी फोन ठेवला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. राखाडी तर राखाडी. दुकानातला माणूस खूश झाला. "चार मानसाच्या घरात हाच पाहिजे," म्हणाला.

आता त्या रविवारचं. आपल्या गल्लीत तीन घरं सोडून मावशी राहायची, आठवते ना? एकटी बाई, नवरा-मूल कोणी नाही, लोकांच्या घरचे पापड लाटून द्यायची. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायच्या आधी स्वतःचं पोतं बगलेत मारून यायची, उंबऱ्याला टेकून बसायची, आणि वाती वळता वळता टीव्हीतल्या माणसांशी बोलायची. "अवं, नको जाऊ त्याच्या मांगं, लफंगा हाये तो!" सगळी गल्ली हसायची, तुम्ही सगळ्यात जास्त. मी दहावीत होते, आणि त्या रविवारी शाळेतल्या दोन मैत्रिणी पहिल्यांदा आपल्या घरी टीव्ही पाहायला आल्या होत्या. डॉक्टरच्या आणि वकिलाच्या पोरी. तुम्ही बडनेऱ्याला कोणाचा सेट लावायला गेले होते, आई चुलीजवळ. मावशी पोतं घेऊन येताना दिसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले, दार अर्धं लोटलं आणि फटीतून म्हटलं, "आज टीव्ही बंद आहे, मावशी." आत गाणं चालू होतं बाबा. चांगलं मोठ्यानं चालू होतं. तिला ऐकू येत होतं, आणि तिला ऐकू येतंय हे मला दिसत होतं. ती म्हणाली, "बरं बाई." मी कडी लावून घेतली.

तुम्ही आले तेव्हा मैत्रिणी गेल्या होत्या. दार लावलेलं पाहूनच तुम्ही ओळखलं, बाकीचं आईनं सांगितलं. मला वाटलं आता कानाखाली बसते. पण तुम्ही पिशवीतून पेचकस काढला, टीव्हीचं मागचं झाकण खोललं, फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग म्हणालात, "दार लावून पाहाचा असन तं असा टीवी मले घरात नाई पाहिजे. जाय, मावशीले बोलावून आन. माफी मांग आन हात धरून आन." मी गेले. थोड्या वेळानं परत आले आणि सांगितलं, "नाही येत म्हणते." तुम्ही पेचकस पिशवीत ठेवला. मग एवढंच म्हणालात, "तिचं बरोबर हाये. म्या तरी काहून आलो असतो?" पंधरा दिवस फ्यूज तुमच्या खिशातच राहिला. नंतर आईच्या कटकटीनं बसवलात, पण रविवारी उंबऱ्याशी, मावशीच्या जागेवर, कोणाला बसू दिलं नाहीत. वर्षभरानं मावशी तेल्हाऱ्याकडे भावाच्या गावी निघून गेली, आणि तिकडेच वारली. शेवटच्या आजारात तुम्ही मला एकदा म्हणाले होते, "आपल्याच्यानं ते बाई दुखावली. म्या सोता जाऊन हात जोडाले पाहिजे होते. पन मले लाज वाटली." मी तुमची उशी सरळ केली आणि मोसंबीचा रस आणते म्हणून उठले.

बाबा, मी मावशीच्या घरात गेलेच नव्हते. तिच्या दारापर्यंत गेले होते. दार उघडं होतं, ती पाठमोरी बसून डाळ निवडत होती, आणि पोतं घडी करून बाजूला ठेवलं होतं. नुसतं "मावशी" म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ती आली असती, मला पक्कं माहीत आहे, हसत आली असती. माझी जीभ उचलली नाही. मी मागच्या मागे फिरले आणि तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही तिला रागावलेली समजून लाजत राहिले, ती तुम्हाला बदललेलं समजून खाली मान घालून गल्लीतून जात राहिली, आणि दोघांच्या मधोमध मी. सगळं माझ्यामुळे झालं बाबा. ती एकटी बाई आठवड्यातून तीन तास आपल्या उंबऱ्यावर माणसांत यायची, तेवढंच तिचं होतं, आणि ते मी घालवलं. तेव्हा कळलं नाही. आता कळतं, कारण आता रविवार कसा जातो ते मला माहीत आहे.

काल माणसं येऊन टीव्ही भिंतीला लावून गेली. मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि दारातून पाहिलं. चेहरा दिसतो. स्वच्छ दिसतो. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हाताऱ्या बाई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्या दिवसभर एकट्या. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा टीवी बिघडला हाये का वं? आवाज येते, पन तुमचं हसनं नाई येत." बाप्पा! म्हणजे त्या भिंतीपलीकडून मला ऐकून राहिल्या होत्या इतके दिवस. दुकानात मी टीव्ही निवडला तो त्यांच्यासाठी. कूलरचं नुसतं निमित्त होतं.

हे पत्र कुठे टाकणार? टीव्हीच्या कागदांच्या पिशवीत ठेवीन, वॉरंटीच्या कार्डाजवळ. आज संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना बोलवायला निघाले. साडी बदलली, चहाचं आधण ठेवलं, त्यांच्या दाराशी गेले. बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही. काय म्हणायचं ते सुचेना. मागच्या मागे फिरले, घरात आले, कडेच्या खुर्चीत बसले. 'नाही येत म्हणते' असं सांगायलाही घरात कोणी नव्हतं.