दीपकाडीचे कांदे

प्रिय कृष्णात, तुला आणि घरच्या लेकरांना आक्काचे आशीर्वाद.

मी बरी आहे. कोल्हापुरात ऊन फार, पण प्रयोगशाळेतलं काम सावलीतलं. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या पठारावरून ह्यांनी आणलेल्या दीपकाडीच्या, त्या पावसाळी पांढऱ्या रानफुलाच्या, कांद्यांची रोपं आम्ही इथं निर्जंतुक बाटल्यांत वाढवली होती. गेल्या पंधरवड्यात हे जाऊन वर्ष झालं. शेवटी ह्यांना श्वास पुरत नव्हता. वर्षश्राद्धाच्या दिवशी रोपंही तशीच गुदमरत असतील असं वाटून मी झाकणं सैल केली. उघडू नये, हे पुस्तकात वाचलेलं होतं. चार दिवसांत सगळ्या बाटल्यांत बुरशी धरली.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख अनुजा मॅडम ओरडल्या नाहीत. "शेवंताबाई, गावाकडनं परत कांदे आणूया की," म्हणाल्या.

पण उन्हाळ्यात दीपकाडीला पान नसतं. मातीखालचा कांदा फक्त ह्यांनाच सापडायचा. आणि पान फुटायच्या आधीच खाणीची यंत्रं पठारावर येणार, असं तू कळवलंस. ते थांबवणं तुझ्या हातात नाही, हे मला समजतं.

तरी एकदा वर जा. हे बसायचे त्या कातळाच्या उगवतीला खणून बघ. नाही सापडला तर माझ्या समाधानासाठी दुसराच रानकांदा पाठवू नकोस. पान आलं की मला कळेल.

तुझी,
आक्का