बेंबीतली ओल

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! कणकवलीहून एसटीने निघाले ती वाटभर खिडकीतून आंब्याची कलमंच कलमं बघत आले. खाडीच्या कडेला जांभ्या दगडाचं बैठं सूतिकागृह, बारा खाटा, आणि मागच्या अंगाला माझी खोली. नर्स म्हणून पहिलीच कायमची नोकरी, तीही समुद्राच्या हवेत. कोल्हापूरच्या मैत्रिणी जळत असतील. डॉक्टर विनीत साधे आहेत, कमी बोलतात. तुळसामावशी मात्र फटकळ. चाळीस वर्षं इथे आया आहेत आणि डॉक्टरांनाही दबकावतात.

खोली फिनेलने तीनदा पुसली. आई म्हणते, समीक्षा, तू नाकाने कांदे सोलतेस. सोलते तर सोलते! खिडकीबाहेर हापूसचं जुनं कलम आहे, फळांनी वाकलेलं. दुपारी जरा पडले तर अशी गाढ झोपले की मावशींना दार बडवावं लागलं. हसून म्हणाल्या, "इतक्या लवकर रमलंस गो? तुझी नाळ हंयच पुरली हा की काय?" मीही हसले.

९ मार्च, रविवार

आज तो खड्डा बघितला. शी! कलमाच्या बुंध्यापाशी, माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. चिऱ्यांनी बांधलेला, वर लोखंडी झाकण. दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी इतक्या आत येत नाही, म्हणून प्रत्येक बाळंतपणातली वार, तिला लागलेल्या नाळेसकट, वर्षानुवर्षं यातच पुरतात. वरून चुना. मावशींनी झाकण उचललं आणि आतून गरम, गोडसर वास आला. बादलीतली वार मी रोज उचलते, कधी मळमळलं नाही. इथे मात्र रुमाल तोंडावर दाबून पळाले.

१७ मार्च, सोमवार

रिया नावाची बाई आली, बत्तिसावा आठवडा. पुढे पाठवायला वेळच नव्हता. इथली पद्धत म्हणजे बाळ बाहेर आलं की खटकन नाळ कापायची. मी डॉक्टरांना सांगितलं की कोल्हापूरला आम्ही बाळ श्वास घेत असेल तर निदान मिनिटभर थांबायचो. दिवस न भरलेल्या बाळाचं बरंचसं रक्त वारेतच राहिलेलं असतं, ते त्याचं त्याला मिळू द्यायचं. नाळ पिळायची नाही, नुसतं थांबायचं. ते म्हणाले, करू या.

ऊब टिकावी म्हणून बाळाला स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आईच्या मांडीलगत धरलं. मी सेकंद मोजले. नाळ बोटांखाली उडत होती, मग हळूहळू पांढरी पडली, सपाट झाली. साठ झाल्यावर बाळाच्या बाजूला एक क्लॅम्प, वारेच्या बाजूला एक, मधे कात्री. बाळ आईकडे, उरलेलं खड्ड्याकडे. पोरगी गुलाबी झाली आणि बेंबीच्या देठापासून रडली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

मावशींनी मात्र बादलीत बघून तोंड वाकडं केलं. वार चपटी होती, फिकी. "वारेचो वाटो वारेक व्हयो," म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, वारेला आता रक्ताचं काय करायचंय? त्या बादली उचलून खड्ड्याकडे गेल्या.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी मावशींनी आंबे आणून दिले. तीन खाल्ले, कोयीही चोखल्या, रस कोपरापर्यंत ओघळला. असा हापूस जन्मात खाल्ला नव्हता. मग विचारलं, कुठल्या झाडाचे? त्या खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, आपलंच कलम, याला कधी खत घालावं लागत नाही.

न्हाणीघरात जाऊन ओकले. दातांत एक धागा अडकला होता, ओढला तर निघतच राहिला, लालसर, बुळबुळीत. हापूसला धागा नसतो. अंघोळ करताना बेंबी ओली लागली, ती साबणाने घासून काढली.

९ एप्रिल, बुधवार

बेंबी सुकत नाही. पिवळं पाणी येतं, कपड्याला चिकटतं, आणि वास त्या खड्ड्याचा. गरम, गोडसर. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास येतो. डॉक्टर म्हणाले, दमट हवा आहे, जंतू झालेत, मलम दिलं.

मधल्या काळात आणखी पाच बाळंतपणं झाली. पाचही वेळा थांबलो, पाचही बाळं ठणठणीत. खड्ड्यात पाचही वेळा चपटी, कोरडी वार गेली. कलमाखाली आंब्यांचा सडा पडतोय, देठाशी काळे, आत पोकळ. मावशी माझ्याशी बोलत नाहीत.

१५ एप्रिल, मंगळवार

मी सातमाशी, आई शिमग्याला माहेरी गेलेली असताना झाले, एवढंच मला माहीत होतं; ते आजोळ पुढे सुटलं, मी कधी पाहिलंच नाही. नोकरी देवगडकडे आहे, एवढंच तिला माहीत होतं. आज फोनवर खाडी, जांभ्याची इमारत, मागचं कलम असं सांगत गेले तर मधेच म्हणाली, अगं, तू तिथलीच.

नाळ खटकन कापली होती. मी निळी पडले होते. महिनाभर आंब्याच्या पेटीत, पेंढ्यात नि कापसात ठेवली होती मला; अढीतच घातली होती म्हण, असं आई म्हणाली. एक फटकळ आया दिवसभर पेटीपाशी बसून असायची. नाळेचं विचारलं. म्हणाली, ती तिथेच पुरली असणार, अजून कुठे?

२१ एप्रिल, सोमवार

बेंबीतून मसुरीएवढा लाल मणी वर आलाय. ओला. तो उडतो. बोट ठेवून मोजलं, मिनिटाला एकशे चाळीस. मनगटाची नाडी अठ्ठ्याऐंशी. एकशे चाळीस बाळाची असते, माझी कशी असेल? हिमोग्लोबिन तपासलं, येताना बारा होतं, आता आठ.

मावशींना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, तुझ्या त्या मिनिटाने खड्डा उपाशी पडलाय, आणि उपाशी पडला की तो जुनी नाळ ओढतो. एक तरी भरलेली वार दे त्याला. मी म्हटलं, आणि बाळाचं काय? त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "तुका वाचाचा आसा मां गो?"

२५ एप्रिल, शुक्रवार

शेण खाल्लं मी.

एकतिसावा आठवडा, मुलगा. रडत होता, श्वास चांगला होता, थांबायचंच होतं. डॉक्टर आईचा रक्तदाब बघत होते. मी दहालाच कात्री चालवली. त्यांना म्हटलं, साठ झाले. वार जड होती, काळीनिळी, ठिबकणारी. मावशींनी ती दोन्ही हातांनी नैवेद्यासारखी नेली. मुलगा पांढराफटक. कणकवलीला नेलाय, रक्त चढवणार आहेत.

दुपारी माझी बेंबी कोरडी झाली. मणी गेला. कलमाला पुन्हा वास सुटला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आता खड्ड्याची नाही, माझीच किळस येते.

३ मे, शनिवार

मुलगा जगला. त्यात माझं काही नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी नोंदवहीत साठ खोडून दहा लिहिलं. पुन्हा लवकर कापणार नाही. काहीही होवो.

८ मे, गुरुवार

मणी परत आला. आता करंगळीएवढा—निळसर, पिळदार. रोज हातात धरते मी अशी वस्तू. हिला काय म्हणतात ते लिहिणार नाही—

शी. शी.

१० मे, शनिवार

डॉक्टरांना दाखवायला गेले तर आत गेली, गोगलगायीसारखी. खोलीत आल्यावर पुन्हा बाहेर. हिमोग्लोबिन सहा. घरी जा म्हणाले डॉक्टर. एसटी वळणावर गेली आणि पोटातून अशी ओढ—उतरले. परत आले.

१२ मे, सोमवार, सकाळ

यशोदा. तिसावा आठवडा. मुलगी.

वीसला पोटातून ओढ लागली. तिसाला कपड्यातून ओल खाली ओघळली. मावशी कानाशी—काप गो, काप—

नाही कापली. साठ. पोरगी गुलाबी. डॉक्टर तिला गाडीत घालून गेले. मला म्हणाले, पडून राहा. महिन्याभरात पहिल्यांदा मला माझी घाण वाटत नाही.

दुपार

हातभर बाहेर आली. मग दोन हात. फरशीवर चिकट माग—खिडकीच्या गजांतून बाहेर, खड्ड्याकडे—कोमट आहे—

खड्ड्याचं झाकण उघडं आहे. मावशी काठावर बसल्यात. शेजारी आंब्याची पेटी. पेंढा. कापूस—

कशाला?

दोन्ही क्लॅम्प घेतले. कात्री घेतली. आधी थांबायचं असतं. मोजतेय. तीस—उडतेय अजून—चाळीस—माझ्याकडची बाजू पांढरी पडली, सपाट—हात फिके, पेन धरवत नाही—पन्नास—

साठ.

रडलं कुणीतरी. खड्ड्यात. बेंबीच्या देठापासून. चांगलं, गुलाबी रडणं, मी ओळखते. मावशी वाकल्यात, दोन्ही हात आत—इलंस गो बाये, इलंस—

बाळाच्या बाजूला एक. वारेच्या बाजूला एक. मधे कापायचं. बाळ पेटीत, उरलेलं खड्ड्या—

बाळ तिकडे आहे.

म्हणजे इकडे, माझ्या बाजूला, जी उरली ती—