नातीच्या सायकलचं ओझं

अहो,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे लेकाकडे ठणठणीत आहे. गुडघ्याचं काय, तो बोलणारच. तुमचा खोकला कसा आहे ते खरं खरं लिहा, लपवू नका.

आता ऐका. आपल्या नातीने सायकलवर दीडशे किलोमीटर खडीचा रस्ता पार केला! मागच्या खेपेला ती अर्ध्यात पडली होती. कोपर सोलवटलं होतं, पण तुम्हाला घोर नको म्हणून कळवलं नाही. तिच्या सायकलवाल्या गटातला एक दाढीवाला म्हणाला होता, "तुला जमायचं नाही, घरी बस." यंदाही पडली असती तर ती सायकल विकून टाकणार होती.

आदल्या दिवशी तिचं सामान बघून मी कपाळाला हात लावला. तंबू, पाणी, पाने-पक्कड, सगळं हँडलवरच्या पिशवीत! म्हटलं, "अगं, खडीत पुढचं चाक वळेल कसं? तुझ्या आजोबांनी तीस वर्षं सायकलवरून घरोघरी दूध घातलं, हँडलला कधी किटली अडकवली नाही."

"आजी, ही पिशवी महागाची आहे गं!"

"मग तिच्यात कपडे भर."

जड तेवढं मधल्या दांड्याखाली आवळलं, अगदी तुमच्यासारखं. मग सायकल गदागदा हलवली. काही खुळखुळलं नाही.

काल पोरगी सगळ्यांच्या आधी पोचली! धुळीने माखलेली, दात तेवढे पांढरे. मागून धापा टाकत दाढीवाला आला. "आजी, पुढच्या वेळी आमचंही सामान बांधाल?"

म्हटलं, "बांधणार नाही, शिकवीन. आणि ही विद्या आमच्या ह्यांची, हे आधी लिहून घे."

तुमची, फुशारलेली,
कारभारीण