चार जीबीचा लॅपटॉप बदलून आण

छोटे,

तू उठायच्या आत मी दवाखान्यात ड्यूटीला निघाले आहे. समोरासमोर सांगायला तोंड नाही, म्हणून लिहून ठेवते. काल आणलेला लॅपटॉप आज दुकान उघडल्या उघडल्या बदलून आण. बिल खोक्यातच आहे. सात दिवसांत बदलून देतो, असं दुकानदार म्हणाला होता.

चार जीबी रॅम तुला पुरणार नाही. तुझं भाषांतराचं काम, एकावेळी दहा पानं उघडी, त्यात ऑफिसची मीटिंग, म्हणजे तो पहिल्याच आठवड्यात मान टाकेल. त्याच्या शेजारचा राखाडी घे, आठ जीबी आणि एसएसडीवाला. त्याहून भारी घेऊ नकोस, रोजच्या कामाला तेवढा लागत नाही.

हे मला कालही माहीत होतं. दुकानदार तुला राखाडीच दाखवत होता. तू म्हणालीस, "ताई म्हणेल तो." आणि ताई म्हणाली, "हा पुरे झाला तुला."

तुला लागलेल्या या नोकरीसाठी मीही अर्ज केला होता, तुझ्या आधी. घरात कुणाला बोलले नाही. तुझं नेमणुकीचं पत्र आलं, आई ते शेजारीपाजारी दाखवत फिरली, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

का बदलला म्हणून आई विचारेल. खरं ते सांग. फक्त दुकानातून मला फोन करू नकोस. तुझा खुशीतला आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी वाकडं बोलेन.

ताई